रजा टाकून जाऊ नका

वाचकाचं पत्र:

सा. न. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. वय ३७, नोकरीला १२ वर्षं झाली. पुण्यातल्या एका संस्थेच्या नेतृत्व विकास अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली आहे. सहा महिने, दर महिन्याला शुक्रवार ते रविवार तिथेच राहायचं. २४ जणांच्या बॅचमध्ये ८ कंपन्यांतले, ८ सरकारी-निमसरकारी आणि ८ सामाजिक संस्थांतले. फी ४५ हजार, पण ती एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, भरणार आहे. मुख्याधिकारी म्हणाले, ‘जायचं तर जा, रजा टाका.’ ऑफिसात हेडक्लार्क सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मॅडम लीडर झाल्यावर कचरा कोण उचलणार?’ नवरा म्हणतो, प्रमोशन मिळणार असेल तर जा. मुलाची यंदा स्कॉलरशिपची परीक्षा आहे. मला इंग्रजी वाचता येतं, बोलायला जीभ वळत नाही.

आमच्याकडे खरा प्रश्न वेगळाच आहे. लोक ओला-सुका वेगळा करून देतात आणि घंटागाडीत तो पुन्हा एक होतो. ठेकेदार म्हणतो, माणसं नाहीत. त्याचं बिल टनावर निघतं. तीन वर्षं मी यावर डोकं फोडतेय. असल्या कोर्सने यात काही फरक पडतो का, की नुसता फोटो आणि सर्टिफिकेट?

ता. क. फी भरणाऱ्या कंपनीच्या कामगार वसाहतीला मी मागच्या वर्षी मिश्र कचऱ्याबद्दल नोटीस दिली होती. दंड अजून भरलेला नाही. यात काही अडचण नाही ना?

— एक वाचक

ताई,

मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचले. ते वाचताना शेवटची ओळ आधी वाचायची, ही सवय तेव्हाच लागली, कारण खरी गोष्ट माणूस तिथे ठेवतो. तुमचंही तसंच झालंय. म्हणून आधी ता. क.

अडचण आहे. ज्याला नोटीस दिली, ज्याचा दंड थकलाय, त्याच्याच पैशावर तुम्ही सहा महिने शिकायला जाणार. तुमच्या मनात काळंबेरं नाही हे मला पत्रावरूनच कळतं. पण उद्या तो दंड माफ झाला किंवा कमी झाला, अगदी नियमाने झाला, तरी गावात काय बोललं जाईल ते हेडक्लार्कना विचारा, ते आत्ताच सांगतील. यावर उपाय आहे आणि तो फार कठीण नाही. मुख्याधिकाऱ्यांना एका कागदावर लिहून द्या: अमुक कंपनी फी भरणार आहे, अमुक तारखेची नोटीस प्रलंबित आहे, ती फाइल यापुढे माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. आवक क्रमांक घ्या. मग संस्थेला पत्र पाठवून विचारा की ही फी कंपनी तुमच्या नावावर भरते, की संस्थेच्या निधीत एकत्र जाते आणि निवड संस्था करते. दुसरं असेल तर बरंच सुसह्य. पहिलं असेल तर संस्थेला सांगा, दुसरा देणगीदार लावा. चांगल्या संस्था लावतात. नाहीच लावला तर ही बॅच सोडा आणि पुढच्या वर्षी जा. वर्तणूक नियम आणि गावाची जीभ, दोन्हींपासून सुटका होईल.

आता रजा. तुम्ही मौजमजेला चाललेल्या नाही. नगरपरिषदेच्या कामासाठी शिकायला चाललात, तर तो काळ कर्तव्यावर धरला गेला पाहिजे आणि तसा आदेश आधी निघाला पाहिजे. रजेवर गेलात तर दोन गोष्टी होतील. शिकून आल्यावर काही बदल सुचवलात की ‘ते तुमचं खाजगी’ असं ऐकायला मिळेल. आणि सेवापुस्तकात नोंद होणार नाही. मुख्याधिकारी ‘रजा टाका’ म्हणाले ते विरोधापोटी म्हणाले असं मला वाटत नाही. आदेश काढायचा तर टिपणी लिहावी लागते, रजेला फक्त सही लागते. टिपणी तुम्हीच लिहून न्या.

प्रमोशन मिळणार नाही. नवऱ्याला आजच सांगून टाका, म्हणजे सहा महिन्यांनी घरात हा विषय निघणार नाही. तुमची पदोन्नती सेवाज्येष्ठता, गोपनीय अहवाल आणि खात्याच्या परीक्षा यांवर चालते, पुण्याच्या सर्टिफिकेटवर नाही. मुलाच्या स्कॉलरशिपचं म्हणाल तर महिन्यातले तीन दिवस आई नव्हती म्हणून कुणाची स्कॉलरशिप गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. बापाने तीन दिवस गणितं घ्यावीत.

मग जायचं कशाला?

मी १९९० च्या दशकात एका जिल्ह्यात अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक होतो. हे पद काय असतं ते बऱ्याच लोकांना माहीत नसतं. १९६९ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना आणली. प्रत्येक जिल्हा एकेका बँकेकडे दिला आणि त्या बँकेने जिल्ह्यातल्या सगळ्या बँका, सरकारी खाती आणि संस्था यांची मोट बांधायची, असं ठरलं. दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बैठक. माझ्या हातात अधिकार कुठलाच नाही. इतर बँकांचे मॅनेजर माझे हाताखालचे नव्हेत, बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, माझं ऐकायला बांधील नाही, संस्थावाले तर मला सावकाराचा चुलतभाऊ समजायचे. आणि उद्दिष्ट पुरं झालं नाही की उत्तर द्यायचं मी.

अशात बँकेने मला बारा दिवसांच्या एका निवासी कोर्सला पाठवलं. तिथे आमच्या पाच जणांच्या गटात एक गटविकास अधिकारी होते, एका इंजिनीअरिंग कंपनीतले पर्सोनेल मॅनेजर, एक तालुका कृषी अधिकारी, मी, आणि मराठवाड्यात बचतगटांचं काम करणाऱ्या एक बाई. पहिले दोन दिवस लग्नातल्यासारखे गेले. वरपक्ष एका पंगतीत, वधूपक्ष दुसऱ्या. कंपनीवाले आपसात, सरकारी आपसात, संस्थावाले बाहेर झाडाखाली. कंपनीवाल्यांना वाटायचं, सरकारी माणूस काम अडवायलाच जन्माला येतो. सरकारी माणसांना वाटायचं, कंपनीवाल्याला कायदा माहीत नाही आणि संस्थावाल्याला हिशेब. संस्थावाल्यांना तर आम्ही सगळेच चोर वाटायचो. (आणि खेळ! वर्तमानपत्राचे मनोरे बांधायचे, डोळ्यांवर रुमाल बांधून दोरीचा चौकोन करायचा. पन्नाशीतल्या कृषी अधिकाऱ्याला दोरी धरून चाचपडताना बघून मला आजही हसू येतं. तुम्हालाही असलं काही करावं लागेल. करून टाका.)

पाचव्या दिवशी प्रत्येकाने दुसऱ्या कुणाच्या तरी कामाच्या जागी एक दिवस काढायचा होता. माझी जोडी बचतगटवाल्या बाईंशी लागली. त्या म्हणाल्या, माझं ऑफिस बघण्यासारखं नाही, तुमचंच ऑफिस दाखवते. आणि मला एका बँकेच्या शाखेत घेऊन गेल्या. बाजाराचा दिवस होता. कोण मी ते सांगायचं नाही, अशी अट. मी तीन बायकांबरोबर बाकावर बसलो. त्यांना गटाचं बचत खातं उघडायचं होतं. साडेदहाला आम्ही बसलो. पावणेबाराला नंबर लागला. काउंटरवरच्या क्लार्कने कागद चाळले आणि म्हणाला, ठरावावर तिघींच्या सह्या हव्यात, दोघींच्याच आहेत. तिसरी तिथेच उभी होती. तिने अंगठा द्यायची तयारी दाखवली. तर म्हणाला, ठराव सभेत झाला पाहिजे, इथे नाही चालत, मंगळवारी या. ती त्यांची तिसरी खेप होती. एका खेपेला बुडालेली मजुरी ३५ रुपये आणि एसटीचे येऊन-जाऊन १२. एकीने हे मला पदराच्या गाठीतली चिल्लर मोजून सांगितलं. तीन बायका, तीन खेपा: चारशे तेवीस रुपये, आणि गटाची तोवरची बचत होती सहाशे.

तो क्लार्क काही वाईट माणूस नव्हता. नियमाने त्याचंच बरोबर होतं. असले ठराव परत पाठवा, असं परिपत्रक आमच्याच जिल्हा कार्यालयातून गेलेलं असणार, आणि त्यावर माझी सही नसेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

संध्याकाळी आमची पाळी उलटली. बाई म्हणाल्या, आता तुम्ही मला सांगा, मॅनेजर गरिबाला बघून घाबरतो का? मी सांगितलं, घाबरतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत म्हशींसाठी वाटलेली कर्जं बुडाली होती. ज्या मॅनेजरांनी सह्या केल्या त्यांच्या मागे तपासण्या लागल्या. वर बढतीच्या यादीत नाव अडकतं, खाली वसुली येत नाही. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट बँकांशी जोडायचा प्रयोग हाती घेतला होता, पण शाखेतल्या माणसाला ते नुसतं अजून एक उद्दिष्ट होतं. बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला हमी नको, पुरावा हवाय. पुढच्या महिन्यापासून त्यांचे गट शाखेत येताना अंतर्गत कर्जाची वही आणायला लागले: कुणी किती घेतले, किती फेडले, तारखेसकट. ती वही बघून मॅनेजरला तपासणी अधिकाऱ्यासमोर ठेवायला काहीतरी मिळालं. आणि मी जिल्ह्यातल्या आमच्या शाखांत मंगळवारी दुपारी दोन ते चार ही वेळ फक्त गटांच्या खात्यांसाठी ठेवली, ठरावाचा एकच छापील नमुना दिला.

या नमुन्याचं श्रेय त्या कंपनीवाल्याचं. त्याने आमचा सात पानी अर्ज हातात घेतला आणि प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे कोण वाचतं? मी उत्तरं देत गेलो. चौथ्या पानानंतर उत्तरं संपली.

त्याच कंपनीवाल्याला बीडीओंनी एका रात्री गॅलरीत बसून समजावलं की फाइल का हलत नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा एक आक्षेप पंधरा वर्षं उघडा राहू शकतो आणि निवृत्तीच्या वेळी बाहेर येऊ शकतो. ‘तुमच्याकडे चूक झाली तर इन्क्रिमेंट जातं,’ बीडीओ म्हणाले, ‘माझ्याकडे पेन्शन अडकते.’ तो माणूस त्यानंतर सरकारी कचेरीत जाताना कागदाबरोबर जुना निर्णय, परिपत्रक, दुसऱ्या तालुक्याची मंजुरी अशी सगळी पुरचुंडी घेऊन जायला लागला. त्याची कामं व्हायला लागली, असं त्याने मला नंतर फोनवर सांगितलं.

असल्या कोर्सचा फायदा माझ्या मते एवढाच, आणि तो थोडा नाही: समोरचा माणूस कुणाला उत्तर देतो आणि कशाला घाबरतो हे कळतं, आणि त्याचा फोन नंबर मिळतो जो तो उचलतो. बाकी नेतृत्वशैलींचे चार चौकोन वगैरे जे शिकवतात, ते मी दुसऱ्या आठवड्यात विसरलो.

ही कल्पना काही आजची नाही. हैदराबादेत १९५६ साली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया स्थापन झालं, ब्रिटनमधल्या हेन्लीच्या स्टाफ कॉलेजच्या धर्तीवर. बेला व्हिस्टा या जुन्या राजवाड्यात. पहिले प्राचार्य निवृत्त लष्करप्रमुख जनरल श्रीनागेश, जन्म कोल्हापूरचा. पद्धत अशी की सरकारी, खाजगी आणि सार्वजनिक उद्योगांतल्या माणसांचे छोटे गट करायचे, एकाच खात्याचे दोघे एका गटात शक्यतो नकोत, आणि गटाचा अध्यक्ष पाळीपाळीने बदलायचा. प्राध्यापकांनी कमी बोलायचं. आज एवढ्या रंगीत पुस्तिका निघतात, पण त्या जुन्या पद्धतीत फारशी भर पडलेली मला दिसत नाही. फरक पडला तो पैशात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं आणि कंपनीवाला, संस्थावाला, सरकारी माणूस यांना एकमेकांच्या दारात जाणं भाग पडलं. दारात गेले, पण भाषा एक नाही.

आपल्याकडे कोर्सशिवायही हे झालेलं आहे, म्हणा. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. विठ्ठलराव विखे पाटील लोणीचे शेतकरी. वैकुंठभाई मेहता मुंबई राज्याचे अर्थमंत्री, त्याआधी सहकारी बँकेत हयात काढलेले. अभ्यासक, शेतकरी आणि सरकार एकत्र बसले तेव्हा १९५० साली प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. प्राध्यापक माणूस उसाच्या काट्यापाशी. याच गाडगिळांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये जिल्हा हा घटक धरून बँकांनी काम करावं असं सुचवलं आणि त्यातून मघाशी सांगितलेली अग्रणी बँक योजना आली. म्हणजे माझी खुर्चीच एका सीमा ओलांडलेल्या माणसाची देणगी. मला हे बारा वर्षं नोकरी झाल्यावर कळलं.

आता तुमचा टन.

तुम्ही लिहिलंत की बिल टनावर निघतं आणि ठेकेदार माणसं नाहीत म्हणतो. ताई, माणसं असली तरी तो वेगळा ठेवणार नाही. सुका वेगळा निघाला तर तो भंगारात जाईल, वजन घटेल, बिल घटेल. ओला, सुका आणि नालीची माती एकत्र असली की काटा खुश. घनकचऱ्याचे नियम वेगळा करा म्हणतात आणि तुमचा करार एकत्र करा म्हणतो. करारावर पैसे मिळतात, नियमावर नाही. तुम्ही तीन वर्षं ठेकेदाराच्या माणसांवर ओरडताय आणि दुखणं निविदेच्या चौथ्या-पाचव्या पानावर बसलंय.

हे दुखणं घेऊन कोर्सला जा. मोघम नको, कागद घेऊन जा. आणि मग बघा. बॅचमध्ये कुणीतरी कंपनीच्या खरेदी विभागातला असेलच. त्याला विचारा की तुम्ही वाहतुकीचा ठेका कसा लिहिता. तो सांगेल: वेगळ्या आणलेल्या मालाला एक दर, मिश्र आणलेल्याला कमी दर किंवा शून्य, गेटवर तपासणी, महिन्याला कपातीची मर्यादा, आणि पहिले तीन महिने सवलत. त्याला हे रोजचं आहे. पण त्याने लिहिलेलं कलम जसंच्या तसं आणलंत तर तुमचा लेखापाल ते फेकून देईल. तिथे दुसऱ्या नगरपरिषदेतला किंवा महापालिकेतला माणूस कामाला येतो: कुठल्या शब्दात लिहिलं तर लेखापरीक्षेत टिकलं, सर्वसाधारण सभेत कुठल्या विषयाखाली ठेवलं, नगरसेवकांना आधी काय सांगितलं. आणि संस्थावाली सांगेल की सुका उचलणारे हात गावात आधीपासून आहेत, फक्त तुमच्या हजेरीपटावर नाहीत. पहाटे पाचला पोती घेऊन फिरणाऱ्या बायका. ठेका बदलताना त्यांचा रस्ता बंद झाला तर तुम्ही एक प्रश्न सोडवून दुसरा उभा कराल.

पुण्यात मुक्काम होणारच आहे तर एक सकाळ ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कामाबरोबर काढा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. घरं महिन्याला शुल्क देतात, सुक्याच्या विक्रीचे पैसे वेचकांचे. इथे सुका वेगळा करण्यात उचलणारीचाच फायदा आहे, तुमच्या ठेकेदाराच्या बरोबर उलट. सगळं गोड आहे असं नाही, महापालिकेशी त्यांची ओढाताण वर्षानुवर्षं चालते. पण एक गोष्ट जवळून बघा: वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका. वेचक बाईने पुडी उघडू नये म्हणून घरातल्या माणसाने काढायचा. याच बायकांनी २०१३ साली वापरलेली पॅड्स पोत्यात भरून बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. पुढे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, विल्हेवाटीसाठी पाकीट उत्पादकाने द्यावं, असं आलं. वेचक, गृहिणी, महापालिका, कंपनी आणि दिल्लीचं मंत्रालय एवढी सगळी माणसं त्या एका पुडीभोवती उभी आहेत. ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द वर्गात शंभरदा ऐकाल. अर्थ हवा असेल तर ती पुडी आठवा.

ओळखीचं मोल संकटात कळतं ते धारावीत दिसलं. १ एप्रिल २०२० ला तिथे कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. अंतर ठेवायला जागाच नाही, शौचालयं सार्वजनिक. मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर वॉर्डाने तिथल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. संरक्षक पोशाख पालिकेचे, डॉक्टर गल्लीतले, ज्यांच्यासमोर माणूस ताप लपवत नाही. संस्थांनी जेवण पोचवलं. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. तिथे कुणी कोर्स केला होता म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. पण पालिकेचा अधिकारी आणि दवाखानेवाला डॉक्टर एरवी एकमेकांना भेटतात ते परवान्यापुरते. तुमच्या गावात उद्या डेंग्यूची साथ आली तर तुम्ही पहिला फोन कुणाला कराल? ते नाव आत्ता आठवत नसेल तर तो कोर्सआधीचा गृहपाठ समजा.

इंग्रजीचं. संस्थेला आधीच विचारा, चर्चा मराठीत चालते का. पुण्यातल्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त लोक मनात मराठीच असतात, पण कुणी सुरुवात करत नाही. तुम्ही करा. पहिल्याच ओळखपरेडीत मराठीत बोला आणि ‘घंटागाडी’, ‘लीचेट’ (कचऱ्यातून झिरपणारं पाणी), ‘टिपणी’ हे सगळे शब्द आहेत तसे वापरा. कंपनीवाल्याला ‘टिपणी’ म्हणजे काय ते विचारावं लागलं की पारडं आपोआप समान होतं. सादरीकरणाच्या स्लाइड इंग्रजीत कराव्या लागल्या तर कुणाकडून तरी करून घ्या, बोला मात्र मराठीत.

होकार कळवण्याआधी संस्थेला अजून दोन गोष्टी विचारा. सहा मुक्कामांत प्रत्यक्ष कुणाच्या कामाच्या जागी नेणार आहात का, की सगळं हॉटेलच्या हॉलमध्ये? आणि मागच्या बॅचमधल्या एखाद्या सरकारी माणसाचा नंबर द्याल का? कंपनीवाल्याचा नको, त्याला सगळेच कोर्स आवडतात, ऑफिसातून सुटका होते. सरकारी माणसाला फोन करून एवढंच विचारा: त्यानंतर बॅचमधल्या कुणाला कामासाठी फोन केलात का? तो थांबला, आठवायला लागला, तर समजा ती बॅच व्हॉट्सॲपवर शुभ सकाळच्या फुलांवर संपली.

आणि हेडक्लार्क. त्यांच्यावर रागावू नका. परत आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याच टेबलावर जा, कारण निविदेचा जुना मसुदा त्यांच्याच कपाटात आहे आणि नवा टंकायचाही त्यांनाच आहे. जाण्याआधी त्यांना विचारून घ्या की मागच्या निविदेत टनाचा दर कुणी सुचवला. त्यांना माहीत असणार. असल्या लोकांना सगळं माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही म्हणून ते टोमणे मारतात.

मुख्याधिकाऱ्यांच्या टिपणीचा मसुदा असा करा: ‘ओला व सुका कचरा विलगीकरणाच्या पुढील निविदेच्या अटी-शर्ती सुधारण्यासाठी उपयुक्त प्रशिक्षण म्हणून, अमुक तारखांना कर्तव्यावर समजून परवानगी मिळावी. परतल्यानंतर ३० दिवसांत सुधारित अटींचा मसुदा सादर करीन. प्रशिक्षण शुल्काबाबत व प्रलंबित नोटिशीबाबत स्वतंत्र पत्र सोबत जोडले आहे.’ तीस दिवसांचं वाक्य काढू नका. त्याच्यामुळेच सही होईल.

पहिल्या मुक्कामाला जाताना मागच्या तीन महिन्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या बरोबर न्या. झेरॉक्स. मूळ पावत्या कपाटातच राहू द्यात, आणि किल्ली तुमच्याकडे.